नलूचा सेनानी

नलू गेल्याची बातमी मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळली. तिचं दार माझ्या दारासमोर, इतकं जवळ की कुणाच्या आमटीला कसली फोडणी बसली ते वासावरून सांगावं. पण खोकला फार झाला म्हणून भाचा तिला दोन दिवसांसाठी खराडीला आपल्या घरी घेऊन गेला होता, आणि तिथेच ती पहाटे झोपेत गेली. ग्रुपवर सगळ्यात आधी सेक्रेटरींचा निरोप होता, ‘टाकी धुणार असल्याने पाणी भरून ठेवावे.’ त्याखाली कुणाचं तरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल. आणि त्याखाली भाच्याची एक ओळ... ‘माझी मावशी नलिनी गायकवाड हिचे आज पहाटे निधन झाले.’ त्यावर एका महाभागानं अंगठा वर केला होता! मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदा राग आला तो त्या अंगठ्याचा. रडू नंतर आलं, बादल्या भरताना. माणूस गेलं तरी टाकी धुवायची कुणी थांबवत नाही.

पेपरवाल्यांनी रविवारच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा म्हटल्यावर प्रश्न पडला, लिहायचं कुणावर? सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, फटकळ नलिनी गायकवाडवर, की न. भि. गायकवाड नावाच्या रहस्यकथाकारावर? ही दोन्ही माणसं एकच, हे वाचकांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. मी त्या काळी सोसायटीच्या तळमजल्यावर छोटं वाचनालय चालवायची, पुस्तकं भाड्यानं द्यायची. नलू नवीन राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात येऊन विचारती झाली, ‘न. भि. गायकवाड वाचतात का हो लोक?’ मी म्हटलं, ‘वाचतात की. लिहितो झकास. फक्त बाई लिहायला घेतली की त्या माणसाचा हात अडखळतो.’ ती जराही न हसता म्हणाली, ‘बायका मला रोज कचेरीत भेटतात. त्यांच्यात कसलं आलंय रहस्य?’ मला उलगडायला क्षणभर लागला... आणि मग अशी ओशाळले म्हणता! त्यानंतर ‘अहो’चं ‘अगं’ व्हायला फार दिवस लागले नाहीत. ती माझी नलू झाली आणि मी तिची सुधा, म्हणजे ‘सुधे’.

तिच्या लिहिण्याचा एक रिवाज होता. ‘खलनायकाला कच्चं बोलू द्यायचं नाही,’ ती म्हणायची. ‘तो मूर्खासारखा बोलला तर त्याला हरवण्यात इन्स्पेक्टरची कसली मर्दुमकी?’ म्हणून रविवारी दुपारी जेवणं आटोपली की ती मला तिच्या गॅलरीत बसवायची. मी खलनायक, ती पोलिसांच्या बाजूची. मी तावातावानं भांडायचं, तिनं उत्तरं द्यायची, आणि ती खरोखर निरुत्तर झाली की मगच उठून लिहायला बसायची. भांडायला मला कारण लागत नाही, हे आमची अख्खी सोसायटी सांगेल. त्या गॅलरीत पडद्यातून पिवळट उजेड यायचा, खाली भंगारवाल्याची हाळी लांब लांब विरत जायची, मध्येच अर्धवट डुलकी लागायची... आणि त्या गुंगीत मी कधी बँक लुटत असायची, कधी देश विकत असायची. जाग आली की नलू पाठमोरी बसून लिहिताना दिसायची.

‘काळ्या दरीची शपथ’ ही तिची सगळ्यात गाजलेली कादंबरी अशीच झाली. त्यातला डोंगराळ मुलूख कुठल्याच नकाशावर नाही. सिंहगडापलीकडे फारसा डोंगर न पाहिलेल्या नलूला तो म्हणे स्वप्नात दिसायचा. बाराही महिने धुकं, लाकडी घरं, आणि त्या धुक्यात कुणीतरी सतत कुणाला तरी हाक मारतंय. तिथल्या लोकांना मैदानातली माणसं तुच्छ लेखतात, आणि एक माणूस उभा राहून म्हणतो, आपण वेगळे होऊ. त्याला नाव नाही. सगळे त्याला सेनानी म्हणतात. आता या सेनानीचं भाषण आलं कुठून? तर आमच्या बी विंगमधून! त्या वर्षी बी विंगनं स्वतंत्र सोसायटी काढायचा घाट घातला होता. वार्षिक सभेत त्यांचे पुढारी टेबल बडवून ओरडले, ‘टाकी आमच्या डोक्यावर, आणि पाणी चढतं तुमच्या मजल्यावर!’ आम्ही ए विंगवाले पोट धरून हसलो. नलू हसली नाही. ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत ती घरी आली, आणि कादंबरीत सेनानी म्हणाला, ‘नदी आमच्या डोंगरात जन्मते, आणि घागर आमचीच कोरडी.’ बी विंगच्या तोंडून जे हास्यास्पद वाटलं होतं, ते धुक्यात नेऊन उभं केल्यावर खरं वाटायला लागलं होतं.

त्या भाषणाच्या शेवटी शपथ होती. सेनानी एकेक ओळ म्हणतो आणि समोरची माणसं ती मागून म्हणतात. शेवटची ओळ अशी, की जो मागे फिरेल तो या दरीतून जिवंत जाणार नाही. माझ्या वाचनालयात येणारे कॉलेजातले पोरगे ती शपथ कोपऱ्यात उभे राहून म्हणायचे आणि खिदळायचे. पुढे उत्तरेकडच्या कुणा प्रकाशकानं कादंबरी हिंदीत काढली. एक प्रत घरी आली, तिचं कव्हर पाहून नलू खूश झाली आणि तिनं ती कपाटात ठेवून दिली. स्वतःचंच पुस्तक परक्या भाषेत कोण वाचत बसतंय!

मध्ये बरीच वर्षं गेली. लोक टीव्हीला लागले, माझं वाचनालय बंद पडलं, नलूनंही लिहिणं सोडलं. मग गेल्या वर्षी तिला दम्याचा मोठा झटका आला आणि हडपसरच्या एका हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे एक नर्स होती, फार लांबच्या डोंगराळ भागातून आलेली. तिचं खरं नाव आणि तिचा मुलूख मी मुद्दाम सांगत नाही. इथे तिला रीटा म्हणते. पुण्यात राहून तिला मराठी कळायला लागलं होतं, बोलायची मात्र हिंदीत. नलूला जरा बरं वाटलं आणि तिच्या फुशारक्या सुरू झाल्या. नाकावरची नळी सावरत ती रीटाला म्हणाली, ‘मैं कोई ऐसीवैसी पेशंट नहीं है. मैं लेखिका है. मेरा किताब हिंदी में भी है, काली घाटी की शपथ.’ मी शेजारी बसून डबा उघडत होते. रीटाच्या हातातला रक्तदाब मोजायचा पट्टा हातातच राहिला. मग ती अगदी हळू आवाजात, खाली बघत, शपथेच्या ओळी म्हणायला लागली... हिंदीत, एकामागून एक, कुठेही न अडखळता.

नलूचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! तिचीच वाक्यं तिला म्हणून दाखवणारा वाचक तिला आयुष्यात भेटला नव्हता. ‘सुधे, ऐकतेस ना? ऐकतेस ना गं?’ असं म्हणत तिनं माझा हात घट्ट धरला. शपथ संपली तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की पोरगी रडतेय.

नलूला घरी सोडल्यावर, पुढच्या सुटीच्या दिवशी रीटा बस बदलत बदलत बिबवेवाडीला आमच्या सोसायटीत आली. तिनं पिशवीतून झेरॉक्सचा एक गठ्ठा काढला. नलूच्या हिंदी पुस्तकाचीच झेरॉक्स, हाताळून कडा मऊ पडलेली. मग तिनं सांगितलं ते असं. तिच्या मुलखात वेगळा देश मागणारी एक टोळी जंगलात आहे. खंडणी घेते, माणसं पळवते, मारते. नव्यानं येणाऱ्या पोरांना तिथे हे पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवतात आणि शेवटी हीच शपथ देतात. गायकवाड हा कुणी जुना लढवय्या असणार, अशी तिथे सगळ्यांची समजूत आहे. रीटाचा धाकटा भाऊ बाबू वर्षभरापूर्वी त्यांच्यात गेला. गावी आई एकटी. ‘आंटी, तो तुमचं ऐकेल,’ ती म्हणाली. ‘तुम्हीच त्याला सांगा, की हे सगळं खोटं आहे.’

‘अगं, पण मी सांगितलंय की!’ नलू ताडकन म्हणाली. ‘शेवटी सेनानी हरतो!’

‘कुठे हरतो?’ रीटानं गठ्ठ्याचं शेवटचं पान पुढे केलं. शपथेची शेवटची ओळ होती, आणि तिच्याखाली ‘समाप्त’.

नलूनं पान उलटून पाहिलं, मागे काहीच नव्हतं. मला मात्र चटकन उलगडा झाला, कारण माझा जन्म असल्या पुस्तकांत गेलाय. भाड्यानं फिरणाऱ्या पुस्तकाचा शेवट सगळ्यात आधी जातो. सोळा पानांचा अख्खा फॉर्म शिवणीतून सुटतो, नाहीतर पुढच्याची मजा घालवायला कुणी खोडसाळ माणूस तो फाडून ठेवतो. कित्येक लोक पुस्तक परत करताना काउंटरवर उभे राहून माझ्याकडून शेवट तोंडीच ऐकून जायचे. प्रकाशकाकडे नवी प्रत उरली नसणार. त्यानं कुठल्यातरी वाचनालयातली जुनीपुराणी प्रत उत्तरेला धाडली असणार, आणि भाषांतर करणाऱ्यानं हातात आलं तेवढं इमानानं उतरवून खाली समाप्त लिहिलं असणार. म्हणजे तिकडच्या पोरांनी जे वाचलं त्यात सेनानी बोलायचा, सगळे शपथ घ्यायचे, आणि पुस्तक संपायचं.

‘थांब, माझ्याकडे आहे शेवट,’ म्हणत नलूनं कपाटातून मराठी प्रत काढली आणि ती शेवटची पानं आपल्या हिंदीत वाचून दाखवली. पुलावर इन्स्पेक्टर जयराज येतो, पिस्तूल झाडतो, सेनानी दरीत कोसळतो, सूर्य उगवतो. तिनं पुस्तक मिटलं. रीटा तशीच बसून राहिली, अजून काही उरलंय अशा समजुतीनं. मग म्हणाली, ‘बस? पण त्याला उत्तर तर कुणीच दिलं नाही.’

रीटा गेली तरी नलू खुर्चीतून उठली नाही. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला. मग ती म्हणाली, ‘पोरगी बरोबर बोलली गं. मी त्याला सगळी वाक्यं दिली, आणि समोरच्याच्या हातात फक्त पिस्तूल दिलं.’ आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘सुधे, मी माणसं मारली का गं?’

‘डोंबलाचं मारलीस!’ मी खेकसले. ‘पुस्तक वाचून कुणी बंदूक उचलतं होय? त्यांची खरीच काहीतरी दुःखं असणार.’

‘असणारच. म्हणून तर माझी वाक्यं त्यांना लागू पडली,’ ती म्हणाली. मी गार चहा उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझं दार वाजवलं. नवा शेवट लिहायचा होता. त्या बाबूच्या कानावर पडेल असा, आणि या वेळी कुणी कुणाला गोळी घालून सुटणार नव्हतं. सेनानीला समोरासमोर उत्तर द्यायचं होतं. झालं! इतक्या वर्षांनी आमच्या दुपारच्या बैठकी पुन्हा भरल्या. मी सेनानी. नलू एका हातात दम्याचा पंप धरून माझ्यासमोर. आणि ती रोज हरायची! ती म्हणाली, ‘बी विंग वेगळी झाली, पुढे काय झालं? त्यांच्यातच वरचे मजले आणि खालचे मजले भांडायला लागले. एकदा कापायला घेतलं की थांबणार कुठे?’ मी म्हटलं, ‘म्हणून ज्याच्या नळाला पाणी नाही त्यानं जन्मभर गप्प बसायचं?’ दुसऱ्या दिवशी तिनं कायदा आणला, न्यायालय आणलं. मी म्हटलं, ‘तुमचा कायदा आमचा घाट चढेपर्यंत आमची एक पिढी संपते.’ ती वैतागायची, ‘जरा हळू भांड की! माझा श्वास पुरत नाही.’ मी म्हणायची, ‘खलनायकाला कच्चं बोलू द्यायचं नाही, हे कुणाचं वाक्य?’ मग दोघी हसायचो. पण रीटा दर सुटीला यायची, काही न विचारता कोपऱ्यात बसायची, आणि आमचं हसणं आपोआप थांबायचं. बाबूला पहिल्या मोहिमेवर न्यायचं घाटतंय, असं गावाकडून तिच्या कानावर आलं होतं. एकदा पोराच्या हाताला रक्त लागलं की परतीचं नाव नको.

एका दुपारी भांडता भांडता नलू मध्येच थांबली. ‘शपथेची ती लय कुठून आली, सांगू तुला? बाबांकडून.’ तिचे वडील हडपसरला कारखान्यात होते. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा नलू अगदी लहान होती. संध्याकाळी वस्तीतली माणसं जमायची, बाबा प्रतिज्ञांची एकेक ओळ म्हणायचे आणि बाकीचे मागून म्हणायचे. ‘वाकलेली माणसं यायची आणि ताठ होऊन जायची गं. त्याहून जोरकस बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. सेनानीला शपथ द्यायची वेळ आली, तेव्हा ती लय आपसूक हातात आली. बाबांची वस्तू होती... मी ती कुणाच्या हातात दिली बघ.’ आणि नलू ढसाढसा रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी तेवढंच पाहिलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सेनानी कुठल्याकुठे गेला होता, मी नुसती सुधा उरले होते.

पण नलू म्हणजे नलू. चारेक दिवसांनी डोळे चमकवत आली. ‘सुधे, बाबाही वेगळेच झाले होते ना? पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं सोडून निघाले होते. मग त्यांच्यात आणि माझ्या सेनानीत फरक काय?’ मी म्हटलं, ‘तूच सांग.’ तर तिनं सांगितलं ते असं. कॉलेजात असताना ती एकदा बापाशी कडाकडा भांडली होती. मी विहारात येणार नाही, काय मानायचं ते माझं मी ठरवीन, असं म्हणून भर दुपारी अनवाणीच घराबाहेर पडली. बाबा ओरडले नाहीत की आडवे आले नाहीत. दारातून एवढंच म्हणाले, ‘नले, चपला घालून जा. डांबर तापलंय.’ ती पुढे आपणहून विहारात जायला लागली, पण कितीतरी वर्षांनी. ‘कळलं का?’ नलू म्हणाली. ‘बाबांच्या घराचं दार आतून-बाहेरून उघडं होतं. माझ्या शपथेची शेवटची ओळ काय आहे? मागे फिरेल तो जिवंत जाणार नाही. ते दार मीच लिहून बंद केलं.’

मी सेनानी होऊन म्हटलं, ‘दार उघडं ठेवलं तर सगळेच निघून जातील.’ ती म्हणाली, ‘जाऊ देत की. आणि तरीही जे राहतील, ते तुझे. आत्ता तुझ्याजवळ आहेत ते तुझे नाहीत, तुझ्या बंदुकीचे आहेत.’ त्या दिवशी सेनानी हरला. खरं सांगते, मुद्दाम नाही हो. मला काही सुचलंच नाही.

लिहिलेलं जंगलात पाठवणार कसं? रीटा म्हणाली, फोनवर बोलून पाठवा. मग दर रविवारी नलू फोन तोंडासमोर धरून एक तुकडा सांगायला लागली. पहिल्या तुकड्यातच तिनं स्वतःची ओळख करून दिली, ‘मैं एन. बी. गायकवाड. मैं आदमी नहीं है, बूढी औरत है, पुने में रहती है.’ तिची हिंदी म्हणजे काय विचारता! ‘उस लडके को एकदम गहिवर आया,’ असं म्हणून मलाच विचारायची, ‘अगं, गहिवराला हिंदीत काय म्हणतात?’ मागे कुकरच्या शिट्ट्या, खाली भाजीवाला, मध्येच तिचा खोकला. गोष्टीत सेनानी होता तसाच होता. त्याची नदी खरी होती, कोरडी घागर खरी होती, त्यातला एक शब्द तिनं कमी केला नाही. फक्त त्याच्या माणसांत एक पोरगा होता, त्याला घरी जायचं होतं. रीटा ते तुकडे पुढे पाठवायची. कुणाच्या हातून, कसे जायचे, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पोचतात की नाही, तेही कळत नव्हतं. नलू रोज सकाळी दारातच विचारायची, ‘रीटाकडून काही कळलं?’ आणि रोज मी नकारार्थी मान हलवायची.

आमची शेवटची भेट तिच्या गॅलरीतच झाली. त्या दिवशी तिनं सांगितलं, की पोरगा उभा राहतो, रायफल खाली ठेवतो, म्हणतो, आई एकटी आहे, मी निघतो. सेनानी पिस्तूल हातात घेतो. पोरगा पाठ फिरवून धुक्यात चालायला लागतो... तिथे तिनं फोन बंद केला. मी म्हटलं, ‘झाडत नाही ना गोळी?’ ती म्हणाली, ‘मी त्या माणसाला तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. झाडेल असं वाटतं.’ ‘मग नवा शेवट लिहून मिळवलंस काय?’ मी चिडले. ती हसली, ‘पुढच्या रविवारी भांडू. आज दम नाही.’ संध्याकाळी भाचा येऊन तिला घेऊन गेला. पुढचा रविवार काही आला नाही. विहारातली माणसं वंदना म्हणायला आली, रीटा ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली आणि भिंतीशी बसून राहिली. माझ्या मनात एकच घोळत होतं, की हिला कळलंच नाही. आपलं बोलणं त्या पोराच्या कानावर पडलं की वाऱ्यावर गेलं, हे न कळताच ही गेली. मला त्याचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं तिच्या जाण्याचंही वाटलं नाही.

त्यानंतर दुपारी डुलकी लागली की मला तो मुलूख दिसायचा. मी कधी न पाहिलेला, नलूच्याच शब्दांतला. धुकं आमच्या पार्किंगपर्यंत आलेलं, बी विंग दिसेनाशी झालेली, आणि आत कुठेतरी कुणीतरी हाक मारतंय. मी कठड्याशी जाऊन ओ देते, पण हाक माझ्यासाठी नसते. जाग आली की समोर नलूचं बंद दार. त्यावर भाच्यानं नवं कुलूप लावलंय.

गेल्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात रीटा होती, आणि तिच्यामागे एक हाडकुळा, केस बारीक कापलेला पोरगा बूट काढत होता. हा बाबू, हे कुणाला सांगावं लागलं नाही. तिकडे पोलिसांपुढे हजर होऊन, जे काय सोपस्कार असतील ते उरकून, तो बहिणीकडे आला होता. नलू गेल्याचं त्याला इथे स्टेशनवर उतरल्यावर कळलं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि न राहवून विचारलं, ‘निघतो म्हणून सांगितलंस? त्यांनी जाऊ दिलं?’

‘आंटीच्या गोष्टीतला मुलगा सांगतो,’ तो आपल्या हिंदीत म्हणाला. ‘मी नाही सांगितलं. पळालो.’

मी हसले, आणि हसता हसता माझा बांध फुटला. अगं नलू, थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं! जरा सावरल्यावर मी विचारलं, ‘मग उत्तर पटलं का तिचं?’ ‘सेनानीचं बोलणं मला अजूनही खरं वाटतं,’ तो म्हणाला. ‘नदीचं तर खरंच आहे. आंटीनं त्याला खोटं पाडलं नाही, म्हणून ऐकत राहिलो.’ दाराबद्दल तो काही बोलला नाही. मीही छेडलं नाही.

मग त्यानं खिशातून फोन काढला. ‘एक विचारायचं होतं. पहिल्या तुकड्यात गोष्ट संपल्यावर पुढे थोडं बोलणं आहे, तुमच्या भाषेत. मी तेच सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. काय असेल, काय असेल, म्हणून. दीदीला विचारलं तर म्हणाली, त्यांनाच विचार.’

त्यानं ते लावलं. आधी नलूची धाप ऐकू आली, मग कप बशीवर ठेवल्याचा आवाज. फोन बंद करायला विसरली होती. मग तिचा आवाज, हिंदी सोडून आपल्या बोलण्यातला, ‘सुधे, तिकडे जंगलात पोरगं नीट जेवत असेल का गं?’ आणि त्यावर माझा, वसकन, ‘मला काय माहीत! तू आधी औषध घे.’

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला हिंदीत अर्थ सांगितला, माझं वसकन बोलणंसुद्धा. त्यानं फोन खिशात ठेवला नाही, तसाच हातात धरून बसला. मी आत गेले आणि भात टाकला.